लाटांवर तरंगणारे काही भाग

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही, मुलीला माहीत नाही. दोन-तीनदा अगदी ओठांवर आली होती — एकदा तर मी चहाचा कप खाली ठेवला, घसा खाकरला, आणि मग 'भाजी काय आणू?' असं विचारून उठले. तुम्हाला सांगायला बसलेय खरी, पण सरळ सांगता येईल की नाही, कोण जाणे. सरळ न सांगण्यावरच माझी सगळी नोकरी झाली.

मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. ऑफिस अंधेरीला. इंग्रजीतून आलेल्या बातम्या मराठीत आणायच्या, सरकारी पत्रकं वाचण्याजोगी करायची, मथळे द्यायचे — असं काम. एखाद्या अस्त्राची चाचणी झाली की येणारा मजकूर कोरडा असायचा. इतक्या अंतरावरचं लक्ष्य उद्ध्वस्त, मारक क्षमता अमुक, स्फोटकांचं वजन तमुक. लोक सकाळी चहाबरोबर पेपर वाचतात. त्यांच्या बशीत हे असं कसं वाढणार? मग आमचे वृत्तसंपादक कागद माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "सुलभाबाई, ही तुम्ही घ्या. तुमच्या हाताला चव आहे."

होती चव. खोटं कशाला बोलू? 'मारा केला' मी कधी लिहिलं नाही, 'झेप घेतली' लिहिलं. 'उद्ध्वस्त' खोडून 'अचूक वेध'. 'संहारक' हा शब्द तर माझ्या हाताखालून गेला की 'सामर्थ्यशाली' होऊनच बाहेर पडायचा. असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं — हे नीट ऐकून ठेवा, कारण पुढे मला ते कुणाच्या तरी नावावर ढकलण्याचा मोह होईल. वरून हुकूम नव्हता, धाक नव्हता. मला आवडायचं. घाटकोपरला माझ्या सासूबाई मी लिहिलेल्या अशा बातम्या मोठ्यांदा वाचायच्या आणि देवापुढे साखर ठेवायच्या. ते अस्त्र कशासाठी बनवलंय, कुठे पडतं, पडल्यावर तिथे काय होतं — असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. पडू नये अशीच तर बातमी लिहिलेली असायची.

ही कला मी कॉलेजात शिकले नाही. घरी शिकले. मी वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. आमच्या घरात समुद्रावरून माणूस परत आला नाही तर 'बुडाला' म्हणत नाहीत, 'दर्याकडे राहिला' म्हणतात. माझे आजोबा दर्याकडे राहिले. लहानपणी मला खरंच वाटायचं, की ते तिथे पाहुण्यासारखे राहिलेत आणि आजी हट्टाने त्यांना बोलावत नाहीये. मोठी झाल्यावर कळलं, की तो शब्द आजीसाठी होता. तिला दुसऱ्या दिवशी उठून मासळी विकायला जायचं होतं. उठता यावं म्हणून सगळ्या वाड्याने मिळून तिच्यासाठी तो सांभाळला होता.

आणि मी काय केलं? तो शब्द घरातून उचलला आणि ऑफिसात नेला. एका चाचणीत अस्त्र ठरल्याप्रमाणे समुद्रात पडलं, तर मी लिहिलं — 'दर्याच्या कुशीत विसावले.' सगळं डेस्क वा वा म्हणालं. वृत्तसंपादक सरांनी ते वाक्य उभं राहून वाचून दाखवलं. त्या दिवशी मी घरी जाताना नानकटाई घेऊन गेले होते.

आता दादाबद्दल सांगते.

जगन्नाथ माझा मोठा भाऊ. आम्ही जगनदादा म्हणायचो. वडील लवकर गेले, तेव्हापासून होडी त्याच्याकडे. दहावी झालेला, वाचनाचा नाद असलेला. वाड्यात आमचा पेपर घेणारं पहिलं घर त्याचंच, तेही माझ्यामुळे. नाक्यावर चारजणांत बसून तो पेपर उघडायचा आणि बोट ठेवून सांगायचा, "ही आमच्या सुलूची." उपसंपादकाचं नाव बातमीवर छापत नाहीत. तरी त्याला कळायचं. कसं कळतं रे, म्हणून विचारलं तर हसायचा. हिरावहिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, वाचता येत नाही. तिला तो रोज संध्याकाळी, ती जाळं विणत असताना, वाचून दाखवायचा. ती अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची आणि गिऱ्हाइकाला सांगायची, माझी नणंद पेपरात हाय.

मग ती चाचणी झाली. दहाएक वर्षं झाली असतील. दूर समुद्रात, ठरल्याप्रमाणे, सगळं व्यवस्थित. पत्रक आलं. सर म्हणाले, पहिलं पान, फोटो मोठा, तुम्ही घ्या. मी घेतलं.

त्या पत्रकाच्या शेवटी एक परिच्छेद होता. मला तो तोंडपाठ आहे. चाचणीचे काही सुटे भाग पाण्यावर तरंगत किनाऱ्याकडे येण्याची शक्यता आहे. त्यांत ज्वलनशील इंधन शिल्लक असू शकते. मच्छीमारांनी त्यांना हात लावू नये, ते होडीत घेऊ नयेत, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे. — इतकं स्वच्छ लिहिलं होतं. ज्याने लिहिलं त्याने आपलं काम चोख केलं होतं.

मी ते वाचलं. वाचलं नाही असं म्हणायचीही सोय नाही. वाचलं, आणि मला वाटलं — काय वाटलं? खरं सांगू? वाटलं, शेवट बिघडतोय. वर झेप, वेध, पहाट, दर्याची कूस, आणि खाली पोलीस ठाणं. सणाच्या ताटात शेवटी कडू काहीतरी. मग मी त्या चार ओळींची दोन छोटी वाक्यं केली. 'चाचणीनंतर काही भाग लाटांवर तरंगताना दिसू शकतील. घाबरण्याचे कारण नाही.'

घाबरण्याचे कारण नाही, हे पत्रकात कुठेच नव्हतं. ते माझं.

कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की जागा नव्हती. पहिल्या पानावर जागेची मारामार असते, हे कुणालाही पटतं. पण जागा होती. त्याच बातमीत मी उगवत्या सूर्यावर एक आख्खं वाक्य घातलं होतं. समुद्रावर सोनं सांडलं होतं वगैरे. मी तिथे नव्हते; सूर्य कसा उगवला ते मला काय ठाऊक? सूर्याला जागा मिळाली.

पुढचं सांगण्याआधी आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. जाळ्यात मासळीसोबत काहीबाही येतं — चप्पल, बाहुली, फुटका डबा. आमच्या घरात असं आलेलं परत पाण्यात टाकत नाहीत. दर्याने दिलंय म्हणतात आणि घरी आणतात. आमच्या मोरीतलं तपेलंसुद्धा तसंच आलेलं होतं. शिवाय जाळं कुठे लावलंय ते लांबून दिसावं म्हणून पाण्यावर रिकामी पिंपं तरंगत ठेवावी लागतात, आणि चांगलं न गंजणारं पिंप मिळणं मुश्किल. त्या आठवड्यात दादाच्या जाळ्यात एक नळकांडं आलं. हलकं, पांढरं, दोन्ही तोंडं बंद, पाण्यावर सुरेख तरंगणारं. दर्याने दिलेलं.

ते त्याने अंगणात आणलं. दोर ओवायला भोक हवं म्हणून ड्रिल मशीन लावलं. वहिनी बोंबील वाळत घालायला गेली होती. ती सांगते, आवाज मोठा झाला नाही. तव्यावर पाणी पडल्यावर होतो तसा झाला. मग दादा ओरडला.

हॉस्पिटलमध्ये मी पोचले तेव्हा त्याच्या डोळ्यांवर आणि दोन्ही हातांवर पट्ट्या होत्या. डोळे गेले, हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. उजव्या हाताची बोटं पुढे कधी वळली नाहीत. ते नळकांडं काय होतं, हे मला तिथल्या पोलिसाने सांगायच्या आधीच कळलं होतं. फोनवर वहिनी 'पांढरं पिंप, तरंगत आलेलं' एवढंच म्हणाली होती, आणि घाटकोपरहून निघाल्यापासून मी ते एक वाक्य मनात म्हणत होते. लाटांवर तरंगताना दिसू शकतील. लाटांवर तरंगताना.

वहिनी खाटेशी उभी होती. अंगाला अजून बोंबलांचा वास. तिने मला विचारलं — रागाने नाही, अगदी साधं —

"सुलू, तुमच्या पेपरात काय आलं नव्हतं का गो? हात नको लावा असं कायतरी?"

मला उत्तर द्यायला किती वेळ लागला असेल? काहीच नाही लागला. मी म्हणाले, "नाही गं वहिनी. आम्हाला कळवलंच नव्हतं. कळवलं असतं तर मी आधी दादाला फोन केला नसता का?"

बघा, नुसतं खोटं बोलून थांबले नाही. त्याला वर फोनची झालर लावली. हाताला चव आहे ना माझ्या.

दादा खाटेवर होता. जागा होता. मी हे बोलले आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, दुखत असेल.

वहिनीने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. तिने होडी दुसऱ्याला चालवायला दिली, टोपली डोक्यावर घेतली, आणि मधल्या वेळात सरकारी कचेऱ्या धरल्या. मदत हवी होती, पण तेवढंच नव्हतं. चूक झाली असं कुणीतरी म्हणावं, हे तिला हवं होतं. एकदा ती संतापून थेट माझ्या घरी आली. कचेरीतल्या साहेबाने तिला सांगितलं होतं, बाई, पत्रक सगळ्या पेपरांना पाठवलं होतं, त्यात सगळं लिहिलं होतं. वहिनी त्याला म्हणाली होती, माझी नणंद पेपरात हाय, तिला कळलं नाय ते तुमी कोनाला पाठवलंत? साहेब हसला म्हणे. शेजारच्याला म्हणाला, यांच्या घरचा पेपर आहे. सगळी खोली हसली.

"माझ्या तोंडावर खोटं बोलला मेला," वहिनी म्हणाली. "तू एकदा चल माझ्यासंगती. तू सांग त्याला."

मी म्हणाले, बघते, रजा मिळाली की येते. तिला चहा दिला, त्यात आलं जास्त घातलं, तिला आवडतं तसं. रजा मी काढली नाही. ती पुन्हा एकटीच गेली, आणि पुन्हा, आणि त्या साहेबाला — जो खरं बोलत होता — खोटारडा म्हणत राहिली. मग एक दिवस तिचं जाणं थांबलं. मला हलकं वाटलं. हेही लिहितेय, कारण हलकं वाटलं होतं.

दर रविवारी मी घाटकोपरहून मेट्रोने वेसाव्याला जायची. दादाला पेपर वाचून दाखवायला. लोक म्हणायचे, भाऊ-बहीण असावेत तर असे. वहिनी माझ्यासाठी मासळीच्या तुकड्या राखून ठेवायची. मी अंगणात खुर्ची टाकून बसायची, तो ओट्यावर, डोळ्यांवर काळा चष्मा, ताठरलेल्या बोटांत विडी. मी अग्रलेख वाचायची, वाढदिवस वाचायची, क्रिकेट वाचायची. चाचणीची बातमी असली तर ते पान उलटायची. त्याला काय कळणार होतं?

एका रविवारी उलटायची राहिली. पहिल्या पानावर मोठा मथळा, माझ्या तोंडून सुरुवात होऊन गेली, आणि मधेच थांबले तर विचारील म्हणून मी वाचत राहिले. बातमी एका नवीन मुलीने लिहिली होती. मी तोवर निवृत्त झाले होते. पण शब्द माझेच होते. मी ते डेस्कवर ठेवून आले होते. झेप. वेध. शेवटी, 'आणि सागराच्या कुशीत विसावले.' मी तिथे थांबले.

दादा म्हणाला, "चाचणीनंतर काही भाग लाटांवर तरंगताना दिसू शकतील. घाबरण्याचे कारण नाही."

अगदी तसंच. छापील मराठीत. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

वहिनी आत होती, भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज ऐकू येत होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो समुद्राकडे तोंड करून बसला होता, नेहमी बसायचा तसा.

"तू वाचलं होतंस?" मी विचारलं. एवढंच विचारू शकले.

"त्याच दिवशी सकाळी वाचलेलं, दर्यावर निघताना. तुझ्या वहिनीला वाचून दाखवायचं ऱ्हायलं," तो म्हणाला. "दर्याची कूस दुसरं कोन लिवनार गो? मना कळलं, सुलूनं लिवलंय." मग विडीची राख झटकून म्हणाला, "म्हनून तर घेतलं होडीत."

कळतंय ना तुम्हाला? खलाशांनी त्याला हटकलं असणार. त्याला स्वतःलाही शंका आली असणार. समुद्रावर जन्म गेलेला माणूस, न ओळखीचं धूड असंच उचलतो होय? पण बहिणीने लिहिलं होतं, घाबरायचं कारण नाही. आणि मग हॉस्पिटलमध्ये, पट्ट्यांखाली, त्याने बहिणीला बोलताना ऐकलं — आम्हाला कळवलंच नव्हतं. त्याच क्षणी त्याला सगळं समजलं. तेव्हा त्याने तोंड फिरवलं. वहिनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होती, तिला लोक हसत होते, तेव्हाही तो ओट्यावर बसून गप्प होता. स्वतःच्या बायकोला त्याने सांगितलं नाही. माझ्यासाठी. मी मात्र इतकी वर्षं त्याच्यासमोर खुर्ची टाकून, पानं उलटत, त्याच्यावर उपकार केल्यासारखी बसत होते.

माफ कर, हे दोन शब्द मला आले नाहीत. मोठमोठे मथळे एका दमात सुचायचे मला. तोंड उघडलं होतं, तेवढ्यात वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

दादा म्हणाला, "वाच पुढं."

मी पुढची बातमी वाचली. कुठल्याशा पुलाची होती.

त्यानंतरही मी दर रविवारी गेले, आणि आम्ही दोघं त्यावर पुन्हा बोललो नाही. प्रत्येक वेळी मेट्रोत ठरवायची, आज बोलायचं. शेवटच्या स्टेशनवर उतरून शेअर रिक्षात बसेपर्यंत निश्चय टिकायचा. ओटा दिसला की संपायचा. मागच्या थंडीत दादा गेला. छातीत पाणी झालं होतं. शेवटच्या दिवसांत तो ऐकायचा कमी, पण मी वाचत असले की त्याचा डावा हात माझ्या खुर्चीच्या कडेवर येऊन पडायचा. मी तो धरला नाही. धरायचा तर आधी काहीतरी बोलावं लागलं असतं.

त्याच्या दिवसांना सगळा वाडा आला होता. कुणीतरी विचारलं, डोळे कशाने गेले होते हो? वहिनी सांगू लागली — कुणी सांगितलंच नाही बगा, पेपरवाल्यांनासुद्धा कळवलं नव्हतं, ही माझी नणंद उभी हाय, हिलाच विचारा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. होय अशी.

आता मी दर रविवारी वहिनीला पेपर वाचून दाखवायला जाते. दादा वाचायचा तेव्हाची तिची सवय. त्याच्यामागे तिला बातम्यांशिवाय करमत नाही. तिची मुलगी लग्न होऊन लांब गेली, वाचणारं घरात दुसरं कुणी नाही. ती भाजी निवडत बसते आणि मी वाचते. चांगलं वाचतेस गो तू, असं म्हणते.

हे लिहिलेलं मी पेपरलाच पाठवणार आहे. रविवारच्या पुरवणीत असलं काही छापतात. तुम्ही वाचताय, म्हणजे छापलं असेल. म्हणजे आज रविवार आहे, आणि मी वेसाव्याला आहे. वहिनीने पेपर माझ्यापुढे ठेवला असेल. पहिलं पान झालं असेल, क्रिकेट झालं असेल, आणि मी पुरवणी उघडून या पानापर्यंत आले असेन.

मी पान उलटलं असेल.